एका शहराचे चार संघ : रोम, १९२७

रोमा या फुटबॉल क्लबच्या जन्माच्या दोन तारखा छापून आलेल्या आहेत. एक ७ जून १९२७, दुसरी २२ जुलै १९२७. कित्येक दशके जुलैची तारीख मानली जात होती. जुन्या पुस्तकांत ती आहे आणि चाहत्यांनी त्या दिवशी वाढदिवसही साजरे केलेले आहेत. आज क्लब स्वतः जूनची तारीख पाळतो. दीड महिन्याच्या फरकाने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. पण या दोन तारखा दोन वेगवेगळ्या घटनांच्या आहेत आणि त्यांच्यामधल्या फटीत विलीनीकरणाचे सगळे राजकारण आहे.

जुलैच्या तारखेला आधार आहे तो एका कागदाचा. ‘आदेशपत्र क्रमांक १’ असे त्याचे स्वरूप. व्हिया देल्यी उफिची देल व्हिकारिओ, घर क्रमांक ३५ या पत्त्यावरच्या कार्यालयातून निघालेले हे नव्या क्लबचे पहिले अधिकृत पत्रक. ‘आपला क्लब आता स्थापन झाला आहे’ असे सभासदांना कळवणारा कागद हाती असल्यावर इतिहासकाराने त्याची तारीख उचलावी, हे स्वाभाविकच होते. मात्र ज्याला स्वतःचे कार्यालय आहे आणि पत्रकाला क्रमांक घालण्याची शिस्त आहे, तो क्लब त्याच दिवशी जन्मलेला असू शकत नाही. त्याआधी कोणीतरी बसून हे सारे ठरवलेले असले पाहिजे. तशी बैठक ७ जूनला झाली, इतालो फोस्की याच्या व्हिया फोर्लीवरच्या घरी. तीन क्लबांच्या प्रमुखांनी तिथे एकत्र येण्याचे मान्य केले.

तिसरा पुरावा मैदानावरचा. जुलैच्या मध्यावर, म्हणजे हे आदेशपत्र निघण्याच्या आधीच, रोमा या नावाचा संघ हंगेरीच्या उइपेश्त संघाशी खेळला आणि २-१ असा जिंकला. जन्माआधी कोणी सामना जिंकत नाही. करार जूनचा आणि कारभाराची सुरुवात जुलैची, असा दोन्ही तारखांचा अर्थ लावला की सगळे पुरावे एकमेकांशी जुळतात. आपल्याकडे बखर आणि अस्सल पत्र यांत भेद करायला शिकवतात. इथे अस्सल पत्रच दिशाभूल करत होते, कारण ते काय नोंदवते आहे हे नीट पाहिले गेले नव्हते.

जूनच्या बैठकीत एकत्र आलेले तीन क्लब म्हणजे आल्बा, फोर्तितुदो आणि रोमान. चौथा लाझिओ. त्याने नकार दिला, आणि एकाच शहरात दोन मोठे संघ राहिले. एका शहराने आपले प्रतिस्पर्धी संघ एकत्र करावेत की नाही, हा प्रश्न फुटबॉलमध्ये पुन्हा पुन्हा येतो. त्याची उत्तरे बहुतेक वेळा भावनेच्या भरात दिली जातात. रोमची गोष्ट उपयोगी पडते ती यासाठी की तिथे प्रयोग अर्धाच झाला. काही संघ मिसळले, एक बाहेर राहिला आणि पुढे दोघांचे काय झाले हे गुणतक्त्यांत जसेच्या तसे नोंदलेले आहे.

विलीनीकरणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावाही तक्त्यांतच आहे. १९१३ ते १९२६ या काळात इटलीचे विजेतेपद जवळजवळ नेहमी एका ठरलेल्या रीतीने ठरत असे. उत्तरेचा विजेता वेगळा, मध्य आणि दक्षिणेचा वेगळा, आणि शेवटी दोघांची गाठ. मध्य-दक्षिणेतून रोमचे संघ सहा वेळा त्या शेवटच्या गाठीपर्यंत पोहोचले. १९१३ साली लाझिओ प्रो व्हेर्चेल्लीशी ०-६ हरला. १९१४ साली कासालेशी दोन सामन्यांत १-७ आणि ०-२. १९२२ साली, महासंघ फुटून दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या त्या वर्षी, फोर्तितुदो प्रो व्हेर्चेल्लीसमोर ०-३ आणि २-५. १९२३ साली लाझिओ जेनोआशी १-४ आणि ०-२. १९२५ साली आल्बा बोलोन्याशी ०-४ आणि ०-२. १९२६ साली आल्बाच युव्हेन्तुसशी १-७ आणि ०-५.

बेरीज केली तर अकरा सामने, रोमच्या संघांनी केलेले गोल पाच आणि त्यांच्यावर झालेले सत्तेचाळीस. एकही विजय नाही, एकही बरोबरी नाही.

हे आकडे समोर ठेवले की १९२७ सालच्या माणसाला काय वाटत असेल ते समजते. राजधानीचे शहर, प्राचीन साम्राज्याचे नाव आणि मैदानावर ही दशा. तोरिनो, मिलान, जेनोव्हा, बोलोन्या या उत्तरेच्या शहरांत कारखाने होते, पैसा होता आणि फुटबॉलही तिथे आधी रुजला होता. रोममध्ये मात्र चांगले खेळाडू चार-पाच क्लबांत विखुरलेले. फोर्तितुदो व्हॅटिकनशेजारच्या बोर्गो वस्तीतला, कॅथलिक वळणाचा. रोमान पारिओलीकडच्या सुखवस्तू लोकांचा. आल्बाचे मैदान आप्पिओ भागातल्या सायकल आणि मोटारसायकलींच्या धावपट्टीच्या आवारात. प्रत्येकाचा प्रेक्षक वेगळा, तिजोरी वेगळी आणि ती तिजोरी लहान. म्हणून ‘एकच संघ करा, मग उत्तरेला उत्तर देता येईल’ ही मागणी त्या वेळी खुळी नव्हती. ज्यांनी ती केली त्यांचे राजकारण मला घृणास्पद वाटते, तरीही खेळाच्या हिशेबात ते अगदी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

आता त्या राजकारणाकडे येतो. २ ऑगस्ट १९२६ रोजी ‘व्हियारेज्जोची सनद’ जाहीर झाली. इटालियन फुटबॉलची घटनाच त्या दिवशी बदलली. महासंघाचे निवडून आलेले नेतृत्व जाऊन वरून नेमलेले संचालक मंडळ आले आणि अध्यक्षपदी बोलोन्याचा फॅसिस्ट पुढारी लेआंद्रो आर्पिनाती बसला. परदेशी खेळाडूंवर बंदी आली. खेळाडूंना पैसे देण्याचा व्यवहार ‘हौशी नसलेले’ या नावाखाली मान्य झाला. आणि उत्तर-दक्षिण ही विभागणी मोडून एक राष्ट्रीय विभाग तयार झाला. वीस संघ, दहा-दहांचे दोन गट. त्यांत सतरा उत्तरेचे, तीन दक्षिणेकडचे. ते तीन म्हणजे आल्बा, फोर्तितुदो आणि नेपल्सचा संघ.

ही सनद तिघांनी लिहिली. जोव्हान्नी माउरो, पाओलो ग्रात्सियानी आणि इतालो फोस्की. ज्याच्या घरी पुढच्या वर्षी ७ जूनची बैठक झाली तोच हा फोस्की. तो फोर्तितुदोचा अध्यक्ष होता आणि रोममधल्या फॅसिस्ट पक्षाचा मोठा पदाधिकारीही. म्हणजे नियम लिहिणारा, त्या नियमाने वरच्या विभागात जाणाऱ्या क्लबचा अध्यक्ष आणि पुढे विलीनीकरणाचा सूत्रधार, हे तिघे एकच. सनद, विभागाची यादी आणि विलीनीकरणाचा करार हे तीन कागद सुटे वाचले तर काही विशेष दिसत नाही. एकापुढे एक ठेवले की रोमाची जन्मकथा १९२७मध्ये सुरू होत नाही, १९२६च्या उन्हाळ्यात सुरू होते, हे स्पष्ट होते.

त्याच उन्हाळ्यात आणखी जोडण्या झाल्या. रोममध्ये आल्बात आउदाचे मिसळला आणि फोर्तितुदोत प्रो रोमा. फ्लॉरेन्समध्ये लिबेर्तास आणि क्लब स्पोर्तिव्हो फिरेंत्से एकत्र येऊन ऑगस्ट १९२६ मध्ये फिओरेन्तिना झाला. पुढच्या दोन वर्षांत जेनोव्हा, बारी आणि मिलानमध्येही असेच घडले. एका शहराचा एक झेंडा, ही फॅसिस्ट राजवटीची आवडती कल्पना होती आणि फुटबॉल तिला सोयीचा सापडला. नोव्हेंबर १९२६ मध्ये विरोधी पक्षांवर बंदी आली. ज्या देशात पक्षच एक उरला, तिथे क्लबच्या सभासदांना ‘तुमचा संघ ठेवायचा की मिटवायचा’ असे मोकळेपणाने विचारले जाण्याची शक्यता किती, हे वाचकाने ठरवावे. ७ जूनचा करार झाला तो अध्यक्षांमध्ये. फोर्तितुदोचा फोस्की. आल्बाचा उलिस्से इल्योरी, पहिल्या महायुद्धात शौर्याचे सुवर्णपदक मिळवलेला आणि रोमवरच्या मोर्चात पुढे असलेला फॅसिस्ट. रोमानचा व्हित्तोरिओ शालोया, नामवंत कायदेपंडित आणि माजी परराष्ट्रमंत्री.

मग १९२६-२७चा हंगाम संपला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली त्या हंगामाच्या तक्त्यांत आहे. राष्ट्रीय विभागातले दक्षिणेचे तिन्ही संघ कोलमडले. नेपल्सला अठरा सामन्यांत एकच गुण मिळाला. आल्बा आणि फोर्तितुदो आपापल्या गटांत पदावनतीच्या जागांवर राहिले. नियमाप्रमाणे दोघांनाही खाली जायचे होते. त्याच हंगामात एक पायरी खालच्या विभागात लाझिओने दक्षिणेचा गट जिंकला आणि वर येण्याचा हक्क मिळवला.

चित्र असे होते. जून १९२७ मध्ये एकत्र येणाऱ्या तिघांपैकी दोन क्लब नुकतेच पडलेले होते. तिसरा, रोमान, वरच्या विभागात नव्हताच. बाहेर राहिलेला चौथा मात्र चढलेला होता. ‘बलाढ्य संघांनी आणखी बलाढ्य होण्यासाठी हात मिळवले’ असे या विलीनीकरणाचे वर्णन कोणी केले तर तक्ते त्याला दुजोरा देत नाहीत. ते बुडणाऱ्यांचे एकत्र येणे होते. पडलेले संघ मिळून तयार झालेल्या नव्या क्लबला १९२७-२८ मध्ये खालच्या विभागात खेळावे लागले नाही. सर्वोच्च विभाग बावीस संघांचा करण्यात आला आणि त्या यादीत रोमा होता. एक गुण मिळवलेला नेपल्सही होता. यादी करणारे मंडळ नेमलेले होते, निवडलेले नव्हते, हे इथे विसरता येत नाही.

नव्या क्लबात कोणी काय आणले? आल्बाकडून मोतोव्हेलोद्रोमो आप्पिओचे मैदान आले, तिथेच रोमाचे सुरुवातीचे घरचे सामने झाले. फोर्तितुदोकडून अध्यक्ष आला, फोस्की स्वतः, आणि कप्तान आला, आत्तिलिओ फेरारीस. बोर्गोतला हा मधल्या फळीतला खेळाडू पुढे १९३४ सालच्या विश्वविजेत्या इटालियन संघात होता. रोमानकडून पिवळा आणि लाल रंग आला. रोम नगरीच्या निशाणाचेच ते रंग. नाव शहराचे, चिन्ह कॅपिटोलिन लांडगीचे. प्रशिक्षक म्हणून विल्यम गार्बट हा इंग्रज आला. जेनोआला त्याने अनेक विजेतेपदे मिळवून दिलेली होती. खेळाडूंवर परदेशी म्हणून बंदी होती, प्रशिक्षकावर नव्हती.

फुटबॉलमध्ये तिघांत दुबळा असलेल्या रोमानचे रंग टिकले आणि बलवान असलेल्या आल्बाचा हिरवा-पांढरा, फोर्तितुदोचा लाल-निळा नाहीसा झाला. हे अन्यायाचे वाटेल, पण मला त्यात एक विचार दिसतो. आल्बाचा रंग घेतला असता तर फोर्तितुदोचे लोक ‘आम्ही आल्बात बुडालो’ म्हणाले असते, फोर्तितुदोचा घेतला असता तर आल्बाचे. नगरीचे रंग घेतले की कोणी कोणात बुडाले असे म्हणता येत नाही. विलीनीकरण करणाऱ्यांनी निदान एवढे शहाणपण दाखवले. नाव आणि रंग हे कार्यालयीन तपशील नसतात. आपल्याकडेही हे नुकतेच दिसले. कोलकात्यात १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान आणि २०१४ साली जन्मलेला एटीके २०२० मध्ये जोडले गेले, तेव्हा नव्या नावात ‘एटीके’ पुढे लागले. त्याविरुद्ध मोहन बागानच्या चाहत्यांनी तीन वर्षे झगडा केला. मार्च २०२३ मध्ये गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना जिंकल्यानंतर मालक संजीव गोएंका यांनी ते नाव काढण्याची घोषणा केली. संघ विजेता होता, तरी चाहत्यांच्या मागण्यांत नावच पहिले होते.

लाझिओने नकार का दिला, हा पुढचा प्रश्न. लाझिओच्या चाहत्यांमध्ये याचे एक उत्तर ठरलेले आहे. जॉर्जो व्हाकारो नावाचा फॅसिस्ट मिलिशियाचा अधिकारी क्लबच्या कारभारात होता. तो फोस्कीसमोर उभा ठाकला, लाझिओ मिटणार नाही असे ठणकावून म्हणाला आणि लाझिओ वाचला. कथा सांगण्यासारखी आहे. व्हाकारो हा खरोखरीचा माणूस, त्याचे लाझिओशी नाते खरे आणि विलीनीकरणाला त्याचा विरोध होता हेही मानायला हरकत नाही. पण एका माणसाच्या धाडसाने क्लब वाचतो ही कल्पना मला अपुरी वाटते. त्याचा पुढचा मोठेपणाही या कथेत मागे नेऊन बसवलेला आहे. फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद व्हाकारोकडे आले ते १९३३ मध्ये, आणि १९३४ व १९३८च्या विश्वविजयांच्या वेळी तो त्या पदावर होता. त्या काळातले त्याचे वजन १९२७ सालच्या व्हाकारोच्या अंगावर चढवले की कथा आपोआप भव्य होते.

कागद बघितले तर नकाराची अधिक साधी कारणे सापडतात. पहिले, वय. लाझिओची स्थापना ९ जानेवारी १९०० रोजी धावण्याचा क्लब म्हणून झाली. लुइजी बिजारेल्ली आणि त्याच्या सोबत्यांनी तो काढला आणि फुटबॉल नंतर आला. म्हणजे फुटबॉल संघ बंद करणे किंवा दुसऱ्यात मिसळणे हा लाझिओच्या बाबतीत क्लबच्या एका अंगाचा प्रश्न होता, क्लब त्याहून मोठा होता. दुसरे, कायद्यातले स्थान. २ जून १९२१ रोजी निघालेल्या राजाज्ञेने, क्रमांक ९०७, लाझिओला सार्वजनिक हिताची संस्था म्हणून मान्यता मिळालेली होती. अशी संस्था दोन-चार लोकांनी एका संध्याकाळी बसून विसर्जित करणे सोपे नसते. तिसरे कारण मघाच्या तक्त्यातले. लाझिओ नुकताच वर चढला होता. ज्याला वरची जागा स्वतःच्या खेळाने मिळाली आहे, त्याने जागा गमावलेल्यांच्या बरोबर नवे नाव का घ्यावे? वाटाघाटीत त्याला द्यायला सगळे होते आणि घ्यायला फारसे काही नव्हते. व्हाकारोने विरोध केला तो या भक्कम जमिनीवर उभे राहून. तो नसता तरी ही जमीन तिथेच होती.

रोममध्ये या इतिहासाचा आज जो वापर होतो त्यामुळे मला आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायची आहे. रोमाचे काही चाहते लाझिओला फॅसिस्टांचा क्लब म्हणतात. लाझिओचे काही चाहते उलट म्हणतात, की रोमाच फॅसिस्टांनी जन्माला घातला आणि आम्ही त्यांना नकार दिला. दोन्ही दावे १९२७च्या कागदांसमोर टिकत नाहीत. विलीनीकरण घडवणारे फोस्की आणि इल्योरी फॅसिस्ट होते. ते अडवणारा व्हाकारोही फॅसिस्टच होता. भांडण एकाच पक्षातल्या माणसांत चालले होते. लाझिओच्या नकारात राजवटीचा विरोध शोधू नये आणि रोमाच्या जन्मात साऱ्या रोमच्या फॅसिझमची कबुली शोधू नये. हजारो साध्या माणसांनी पुढे या दोन क्लबांवर आयुष्यभर प्रेम केले. फोस्कीच्या पक्षकार्डाशी त्या प्रेमाचा संबंध नाही. रोमाचा दुसरा अध्यक्ष रेनातो साचेर्दोती ज्यू कुळातला होता आणि याच राजवटीने त्याला १९३५ मध्ये स्थानबद्धतेत पाठवले. युद्धानंतर, १९५२ मध्ये, तो पुन्हा त्याच क्लबचा अध्यक्ष झाला.

आता प्रयोगाचा निकाल. पहिल्या दोन वर्षांत विलीनीकरणाची बाजू खरी ठरते आहे असेच कोणीही म्हटले असते. १९२८ मध्ये रोमाने कोनी चषक जिंकला. १९२९ मध्ये सेरी आ ही एकाच गटाची सर्वोच्च साखळी सुरू होणार होती आणि तिच्यात कोण येणार हे १९२८-२९च्या तक्त्यावर ठरणार होते. प्रत्येक गटातले पहिले आठ वर, बाकीचे खाली. रोमा आपल्या गटात तिसरा आला. लाझिओ आणि नेपल्स आठव्या जागेवर बरोबरीत. जून १९२९ मध्ये मिलानमध्ये त्यांचा निर्णायक सामना झाला, तो २-२ असा सुटला आणि महासंघाने दोघांनाही घेऊन टाकले. विभाग अठरा संघांचा झाला. एकटे राहण्याचा निर्णय लाझिओला त्या दिवशी किती महागात पडू शकला असता, हे या एका निकालावरून कळते. लाझिओच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हा सामना वगळू नये.

८ डिसेंबर १९२९ रोजी लाझिओच्या रोंदिनेल्ला मैदानावर दोघे पहिल्यांदा साखळीत समोरासमोर आले. रोदोल्फो व्होल्कच्या गोलाने रोमा १-० जिंकला. महिनाभर आधी, ३ नोव्हेंबरला, तेस्ताच्चो या कामगार वस्तीत रोमाचे नवे मैदान सुरू झाले होते. लाकडी सज्जे पिवळ्या-लाल रंगात रंगवलेले. १५ मार्च १९३१ रोजी तिथे युव्हेन्तुसवर ५-० असा विजय मिळाला आणि त्यावर पुढच्याच वर्षी चित्रपटही निघाला. पाच वर्षांपूर्वी आल्बाने याच युव्हेन्तुसकडून सात आणि पाच गोल खाल्लेले होते. त्या हंगामाअखेर रोमा दुसरा आला. १९३५-३६ मध्ये पुन्हा दुसरा, बोलोन्यापेक्षा एकाच गुणाने मागे. विजेतेपद आले १९४१-४२ मध्ये, विलीनीकरणानंतर पंधरा वर्षांनी.

पण एवढेच सांगून थांबलो तर पुरावा अर्धाच मांडल्यासारखे होईल. न मिसळलेला लाझिओही त्याच दशकात वर आला. १९३४ मध्ये त्याने सिल्व्हिओ पिओला या आघाडीच्या खेळाडूला आणले आणि १९३६-३७ मध्ये लाझिओ दुसरा आला. म्हणजे ‘रोममध्ये एकच मोठा संघ जगू शकतो’ हे जे विलीनीकरणाचे मूळ गृहीतक, ते दहा वर्षांत खोटे ठरले. शहरात दोन संघांना पुरेल इतका प्रेक्षक होता. किंबहुना मला वाटते, दोन संघ होते म्हणूनच प्रेक्षक वाढला. आल्बा आणि फोर्तितुदो यांच्या काळात रोममधली चुरस गल्लीबोळांतली होती. रोमा आणि लाझिओ झाल्यावर ती सबंध शहराची झाली. फेरारीस १९३४ मध्ये रोमातून लाझिओत गेला. ज्याच्या नावावर रोमाचे पहिले कप्तानपद आहे, तो माणूस शेजाऱ्याच्या जर्सीत खेळताना लोकांनी पाहिला. चारही क्लब एक झाले असते तर रोमला हा राग आणि हे प्रेम दोन्ही मिळाले नसते.

तेव्हा एका शहराच्या प्रतिस्पर्धी संघांनी एकत्र यावे का? रोमच्या कागदांवरून माझे मत असे बनले आहे. आल्बा, फोर्तितुदो आणि रोमान यांचे एकत्र येणे खेळाच्या दृष्टीने योग्य होते, कारण तिघांनाही एकट्याने उभे राहणे जमत नव्हते आणि तिघांनी मिळून जे उभे केले ते शहराचे झाले. लाझिओने बाहेर राहणे त्याहून योग्य होते. जो क्लब स्वतःच्या पायावर उभा आहे, त्याला शहराच्या भल्याच्या नावाखाली मिटवू पाहणे ही जबरदस्ती आहे, मग ती पक्षाने करो वा पैशाने.

जबरदस्तीच्या जोडणीचे काय होते हे जेनोव्हात दिसले. १९२७ मध्येच तिथे सांपिएरदारेनेसे आणि आंद्रेआ दोरिआ हे दोन क्लब ‘ला दोमिनान्ते’ या नावाखाली एकत्र केले गेले. नावातच ‘वर्चस्व गाजवणारी’ असा दिमाख. तीन वर्षांत ते नाव गेले, ‘लिगुरिआ’ आले आणि १९३१ मध्ये जोडणीच सुटली. दोन्ही नावे पुन्हा वेगवेगळी मैदानावर आली. मिलानमध्ये १९२८ साली इंटर आणि मिलानेसे यांना एकत्र करून ‘आम्ब्रोसिआना’ केले होते. राजवट गेल्यावर १९४५ मध्ये इंटरने आपले जुने नाव परत घेतले. मग ऑगस्ट १९४६ मध्ये जेनोव्हातले तेच दोन क्लब पुन्हा एकत्र आले आणि या वेळी वरून हुकूम नव्हता. नाव ठेवले सांपदोरिआ, दोघांच्या नावांचे तुकडे जोडून. जर्सीत दोरिआचा निळा रंग आणि त्यावर सांपिएरदारेनेसेचा लाल-काळा पट्टा. त्या क्लबने १९९०-९१ मध्ये इटलीचे विजेतेपद मिळवले, आणि जर्सी अजून तीच आहे.